तुलनेचं गाव

गास गावच्या डेल्फिन तुस्कानोला माणसांचा राग फारसा येत नसे, शब्दांचा यायचा. त्यातही ‘पुढच्या टप्प्यात’ असं कुणी म्हटलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची. समोर कोण आहे हे ती मग बघत नसे.

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात ती बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा नोकरी सोडून ती गासला घरी राहिली. नवरा सॅन्टन केळीच्या वाडीत दिवसभर राबायचा. सासू गेली, आणि रिकाम्या घरात डेल्फिनला करमेना. अशात १९७९ साली डॉक्टर सबनीस म्हणून मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजातल्या बाई गावच्या चर्चच्या फादरना भेटायला आल्या. दिल्लीच्या एका सरकारी संशोधन मंडळानं त्यांना अनुदान दिलं होतं. गरोदर बायका आणि तान्ही मुलं यांच्यावर गावातच राहून अभ्यास करायचा होता, आणि त्यांना इथली बोली जाणणारी नर्स हवी होती. फादरनी डेल्फिनचं नाव सांगितलं. तिनंही लगेच होकार दिला.

अभ्यास समजायला सोपा होता. अर्नाळ्याच्या कोळणींना दिवस गेले की रक्तवाढीच्या गोळ्या, धनुर्वाताची सुई, महिन्याची तपासणी. तिथल्या सुइणींना शिक्षण आणि नाळ कापायला कोरं पातं, उकळलेला दोरा. मूल झालं की त्याचं वजन, त्याच्या लसी. आणि मिठागरांच्या कडेला, खाडीच्या अंगाला जो खारपाडा होता, तिथं यातलं काही करायचं नाही. तिथं फक्त मोजायचं. किती बायका गरोदर, किती मुलं जन्मली, किती राहिली. खारपाडा हे तुलनेचं गाव. दोन्हीकडची कामं डेल्फिनकडेच होती.

पहिलं वर्ष तिनं मुकाट्यानं काढलं. मुकाट्यानं म्हणजे घरी सॅन्टनपुढे बोलून. दिल्लीचे पैसे वर्ष संपता संपता यायचे आणि मागोमाग तार यायची, की मार्च संपायच्या आत सगळे खर्च करा. जीप मंजूर झाली पण ड्रायव्हर मंजूर झाला नाही, तेव्हा जीप डॉक्टरबाईंच्या भाड्याच्या खोलीमागे चिंचेखाली उभी राहिली आणि तिच्या मागच्या सीटवर शेजाऱ्यांची कोंबडी अंडी घालू लागली. डेल्फिन चालत किंवा टांग्यानं जायची. एकदा मंडळाच्या हिशेबनिसांनी विचारलं, की सुइणींच्या हात धुण्याचा साबण हा संशोधनाचा खर्च कसा होऊ शकतो.

“मग काय, न धुतलेल्या हातांचं संशोधन करायचं आहे का त्यांना?” डेल्फिन म्हणाली.

“मी उत्तर लिहिते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा अर्धा जन्म असली उत्तरं लिहिण्यात चालला होता. बाई मनानं चांगल्या होत्या, हीच डेल्फिनची अडचण होती. त्या वाईट असत्या तर तिनं केव्हाच काम सोडलं असतं.

खारपाड्यात जाणं मात्र दिवसेंदिवस तिच्या जिवावर यायला लागलं. वजनाचा काटा घेऊन ती बांधावरून यायची तेव्हा पोरं धावत पुढे यायची, बाया मिठाचे पाय धुऊन गोळा व्हायच्या. पाड्यावरची बाळंतपणं कमळी नावाची म्हातारी करायची. तिची सून शकू. शकूचं पहिलं मूल धनुर्वातानं गेलं होतं, जन्मल्यावर आठवडासुद्धा पुरा झाला नव्हता. ते डेल्फिननंच नोंदवलं होतं. आता शकूला पुन्हा दिवस गेले होते आणि तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली तर आत रक्ताचा रंग म्हणून दिसत नव्हता.

“बाय, एक इचारू?” कमळी म्हणाली. “तू येतेस, तोलतेस, लिवतेस आनि जातेस. अर्नाळ्याला माझी भन दिलीय. ती सांगते, नर्सबाय गोल्या देते, सुई देते. आमी काय पाप केलंय?”

“पुढच्या...” असं म्हणून डेल्फिन थांबली. ते शब्द स्वतःच्याच तोंडात आलेले बघून तिला स्वतःचाच संताप आला. ती काटा तिथंच टाकून तरातरा निघाली ती थेट डॉक्टरबाईंच्या खोलीवर.

“बाई, शकूला गोळ्या द्यायला हव्यात. आणि सुई. सगळ्यांनाच द्यायला हव्यात.”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून ठेवला. “डेल्फिन, तुला काय वाटतं, मला कळत नाही? पण दोन्हीकडे दिलं तर फरक कसा दिसेल? अर्नाळ्यात मुलं जगतात आणि खारपाड्यात मरतात, हे आकड्यांत दाखवलं तर सरकार अख्ख्या तालुक्याला हे देईल. जिल्ह्याला देईल. आत्ता एका पाड्याला दिलं तर बाकीच्या शंभर पाड्यांचं आपण नुकसान करू.”

“म्हणजे शकूचं हे मूलही गेलं तर आकडा चांगला येईल.”

“तसं म्हणू नकोस.”

“मी म्हणत नाही बाई, तुमचा अभ्यास म्हणतो. खारपाड्याची पाळी कधी?”

“पुढच्या टप्प्यात. पुढचं अनुदान मिळालं की...”

डेल्फिन दारात जाऊन उभी राहिली. बाईंचं म्हणणं खोटं नाही हे तिला कळत होतं, म्हणून तर तिचा जळफळाट होत होता. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती सरकारी आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या कपाटात रक्तवाढीच्या गोळ्यांच्या बरण्या शिगोशीग भरलेल्या होत्या. कंपाउंडरनं कंटाळलेल्या आवाजात सांगितलं, की या गरोदर बायकांसाठीच येतात, कुठल्याही गावच्या, पण मिठागराकडे जायला कुणी तयार नसतं आणि तिथून इथवर कुणी येत नाही. धनुर्वाताच्या सुयाही होत्या. मुदत संपली की फेकायच्या, नवीन मागवायच्या. गोळ्या एका सरकारी खात्याच्या होत्या, त्या देऊ नका म्हणणारं दुसरं सरकारी खातं होतं, आणि मधल्या खाचरातून चालायला ती एकटी होती.

केंद्राच्या डॉक्टरांना सांगून तिनं माल घेतला आणि परतताना डॉक्टरबाईंकडे वाकडी वाट केली.

“बाई, मी खारपाड्यात गोळ्या आणि सुई देणार आहे. तुमच्या साठ्यातलं काही घेत नाही. पण सांगून देते आहे, चोरून नाही.”

डॉक्टरबाईंनी टेबलावरचे कागद पुढे ओढले. मग म्हणाल्या, “मी हे ऐकलं नाही.”

“ऐका की. ऐकायला काय पैसे पडतात?” डेल्फिन म्हणाली आणि निघून गेली.

शकूनं गोळ्या घेतल्या. पोटात मळमळतं म्हणून मधे बंद केल्या, तेव्हा डेल्फिननं तिला आणि तिच्या नवऱ्याला, श्रीपतला, अंगणात उभं करून असं झापलं की शेजारच्या दोन गरोदर बायकाही मुकाट गोळ्या गिळू लागल्या. कमळीला तिनं पातं आणि दोरा उकळायला शिकवलं. कमळीनं आधी नाक मुरडलं, की माझ्या हातानं अर्धा पाडा जन्मला, मग शिकली. मिठाचं आगर भरायच्या दिवसांत शकूला मुलगी झाली. पाचवी पुजली, बारसं झालं, पोरगी रडत राहिली, दूध पीत राहिली. काटा घेऊन डेल्फिन आली तेव्हा कमळीनं नातीला स्वतः झोळीत ठेवलं, आणि काटा खाली गेला तशी पदराआड तोंड लपवून ती रडली.

पुढची तीन वर्षं असंच चाललं. दोन्हीकडे मुलं जगू लागली. डॉक्टरबाई दर तिमाहीला दोन्ही गावांचे आकडे बघायच्या आणि खाली सही करायच्या.

मंडळाची समिती आली ती मे महिन्यात, ऐन उकाड्यात. दिल्लीचे दोन साहेब आणि पुण्याचे एक प्राध्यापक. शाळेच्या वर्गात भिंतीवर आलेख लावले होते. अर्नाळ्याची रेघ आणि खारपाड्याची रेघ सुरुवातीला लांब लांब होत्या, मग जवळ येत येत एकमेकींना चिकटल्या होत्या. मोठ्या साहेबांनी त्यावर पेन्सिल टेकवली आणि इंग्रजीत विचारलं, की एवढा खर्च करून जिथं सेवा दिली आणि जिथं दिली नाही तिथं सारखाच निकाल असेल, तर या सेवेचा उपयोग काय?

डेल्फिन मागच्या बाकावर होती. तिला इंग्रजी समजत होतं. ती उठली.

“साहेब, खारपाड्यात दिलं गेलं. मी दिलं. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या आणि सुया. म्हणून रेघा चिकटल्या.”

मोठ्या साहेबांनी बाजूच्या साहेबांकडे बघून मान हलवली. म्हणाले, म्हणजे तुलनेचं गाव दूषित झालं.

“काय झालं?” डेल्फिननं विचारलं. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

पुण्याच्या प्राध्यापकांनी मराठीत सांगितलं, “दूषित. म्हणजे अभ्यासाच्या भाषेत, बाई. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

“मुलं जगली तर गाव दूषित होतं?”

प्राध्यापक हळूच म्हणाले, की खारपाड्याची तुलना खारपाड्याच्याच पहिल्या वर्षाशी करता येईल, फरक तिथं स्पष्ट दिसतो. मोठे साहेब म्हणाले, मूळ आराखड्यात तशी तरतूद नाही. मग ते डॉक्टरबाईंकडे वळले. हा या नर्सचा परस्पर कारभार दिसतो, तसं लेखी दिलंत तर तुमच्या पुढच्या अनुदानाचा विचार होऊ शकेल.

डॉक्टर सबनीस उभ्या राहिल्या. “मला माहीत होतं. तिनं मला सांगून केलं,” त्या म्हणाल्या. “मी थांबवलं नाही. थांबवायला तोंड नव्हतं.”

पुढचं अनुदान आलं नाही. जीप एक दिवस सरकारी ट्रक ओढून घेऊन गेला, कोंबडीची अंडी सॅन्टननं आधी काढून ठेवली. डॉक्टरबाई मुंबईला परतल्या. निघताना त्यांनी डेल्फिनचा हात धरला.

आता खारपाड्याला गोळ्या कोण नेणार? डेल्फिनला नोकरी उरली नव्हती, आणि नोकरीत नसलेल्या बाईच्या हातात औषध कसं द्यायचं, असं केंद्रातले नवे डॉक्टर विचारू लागले. तिनं ठाण्याला जिल्हा परिषदेत खेटे घालायला सुरुवात केली. मागणी एकच, की खारपाड्याला एक कायमची नर्स द्या. एस.टी.नं जायचं, साहेब मीटिंगमध्ये, परत यायचं. कधी टेबल बदललेलं, कधी टेबलामागचा माणूस. सॅन्टन म्हणायचा, “तू त्यांना दमवणार की ते तुला?” ती म्हणायची, “जेवण वाढते, गप्प बस.”

शेवटी एका अधिकाऱ्यानं तिला बसायला सांगितलं. शांत, सभ्य माणूस होता. त्यानं मंडळाचा अहवाल मागवून वाचला होता.

“बाई, तुमच्याच भागात संशोधन झालं. त्यात दोन गावांत फरक आढळला नाही. म्हणजे नर्स नसली तरी खारपाड्याचं नीट चाललंय. मग पद मंजूर कशाच्या आधारावर करू?”

डेल्फिननं त्याच्याकडे बघितलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं असं तिच्या ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं. ती उठून घरी आली.

पुढच्या सोमवारी त्या अधिकाऱ्याच्या दालनात कमळी, शकू आणि पाड्यावरच्या आणखी बाया पोरांसकट शिरल्या. एस.टी.त निम्मी पोरं ओकली होती. ती आता खुर्च्यांवर चढत होती, फायलींच्या गठ्ठ्यांवर बसत होती, एकानं टेबलाखाली शू केली. शिपाई हाकलायला धावला.

“हे काय आहे?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“फरक,” डेल्फिन म्हणाली. “अहवालात दिसला नाही म्हणालात ना. म्हणून घेऊन आले.”

कमळी पुढे झाली आणि तिनं नात उचलून टेबलावर ठेवली. “आनि हिच्या आदीचा जो गेला, तो नाय आनता येत, सायेब,” ती म्हणाली.

अधिकाऱ्यानं खुर्ची मागे सारली. पोरीनं त्याचा पेपरवेट उचलून डोळ्याला लावला, तो त्यानं हलकेच काढून घेतला. मग त्यानं शिपायाला हाकलणं थांबवायला सांगितलं आणि बायांसाठी पाणी आणायला धाडलं.

तरीही पद मंजूर व्हायला दोन पावसाळे गेले. आणि जेव्हा झालं तेव्हा त्या पदासाठी डेल्फिननं केलेला अर्ज परत आला, कारण वयाची मर्यादा ओलांडली होती. नेमणूक झाली ती सांगलीकडच्या एका कोवळ्या मुलीची. तिनं खाडी कधी बघितली नव्हती.

सॅन्टनला वाटलं, आता ही घर डोक्यावर घेणार. डेल्फिननं तेही केलं. दिवसभर तिनं जिल्हा परिषदेचा, मंडळाचा आणि जन्मतारखांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र छत्री घेऊन ती बसथांब्यावर जाऊन उभी राहिली, आणि त्या मुलीला घेऊन बांधाबांधानं खारपाड्याकडे निघाली. मुलगी नव्या चपला हातात धरून चिखलातून चालत होती.

“मावशी, केंद्राच्या कपाटाची किल्ली मला दिलीच नाही कुणी,” ती घाबरत म्हणाली. “साहेब म्हणाले, नंतर बघू.”

डेल्फिन थांबली. तिनं आकाशाकडे बघितलं, मग मुलीकडे.

“नंतर नाही. आज दुपारी आपण दोघी जाऊ,” ती म्हणाली. “आणि तू बोलायचंस. मी नुसती शेजारी उभी राहीन. चल, त्या पलीकडच्या झोपडीत सातव्या महिन्याची बाई आहे, आधी तिला बघ.”