मागून सांगणारी

"अडलं का?" असं ती विचारायची आणि उत्तराची वाट न बघता हात घालायची. धागा तुटला, कुलूप फिरेना, स्टोव्ह पेटेना, सगळ्याला तिचा हाच प्रश्न. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. आमची ही सिल्वासातली.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघी एका धाग्याच्या कारखान्यात होतो. ती मशीनवर, मी धागा गुंडाळलेले कोन तपासायला. ती चाळीसगावकडची, मी रत्नागिरीची. राहायला तिथल्याच डोकमर्डी भागात एकाच चाळीत, आणि दोघी बौद्ध.

चाळीमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये दर पौर्णिमेला आमच्या मंडळाची वंदना व्हायची. अध्यक्ष दुसऱ्या एका कारखान्यात फिटर होते. माणूस सरळ, आवाज भारदस्त, पाठांतर कच्चं. पुढे ते बसत, त्यांच्यामागे पुरुष, शेवटी आम्ही बायका. तिसऱ्या-चौथ्या गाथेला अध्यक्षांचा आवाज बारीक व्हायचा. मग मागच्या रांगेतून ती पुढचा शब्द सोडायची, ते उचलायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

तिची शाळा चौथीपर्यंतच. पण वडिलांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे वंदनेची पुस्तिका रोज तिनंच वाचून दाखवायची. वाचता वाचता सगळं पाठ झालं. "बाप म्हणायचा, तू मोठी हो आन पुढं बसून म्हण," असं तिनं मला एकदा सांगितलं होतं. मी तेव्हा कोन मोजत होते, नुसतं "हं" म्हटलं.

मग नवीन मशीन बसवायला तैवानहून एक मेकॅनिक आला. तिनं मशीनच्या पत्र्यावर बुद्धाचं छोटं चित्र चिकटवलं होतं. ते बघून त्यानं हात जोडले आणि पाकिटातून एक फोटो काढला. फोटोत मुंडण केलेली, चीवर घातलेली एक बाई उंच आसनावर बसली होती. समोर शे-दीडशे माणसं हात जोडून. ही त्याची आत्या, असं सुपरवायझरनं हिंदीत करून सांगितलं.

तिनं फोटोवर बोट ठेवलं. "ही पुढं? आन हे बाप्ये मागं?"

त्यानं मान हलवली.

तेव्हापासून तिला एक नादच लागला. भेटेल त्याला विचारायची, "तुमच्याकडं बाया कुठं बसतात?" गेटवरचा नेपाळी तामांग वॉचमन म्हणाला, आमच्या पहाडात भिक्षुणी आहेत, पण लामांच्या मागे बसतात. पौर्णिमेला आलेल्या भंतेजींनाही तिनं सोडलं नाही. त्यांनी बुद्धांच्या मावशीची गोष्ट सांगितली. तीनदा नकार मिळूनही ती अनवाणी चालत गेली, पाय सुजले, दाराबाहेर रडत उभी राहिली, तेव्हा बायकांना संघात घेतलं.

घरी येताना ती म्हणाली, "रडली ते पुरुषांनी लिहिलं असंल. चालली ते मातर खरं."

मंडळाच्या पुढच्याच बैठकीत ती उभी राहिली. "येत्या पौर्णिमेला वंदना मी घेते."

लोक हसले. अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "ताई, तुम्ही मागं आहात म्हणून तर आम्ही निर्धास्त." कोपऱ्यातून कुणीतरी टोमणा मारला, "मग वंदनेनंतरची खीर कोण करणार?"

"तुम्ही करा. अडलं तर मी पुढून सांगीन."

पुन्हा हशा झाला आणि विषय तिथंच संपला. मी तिच्या बाजूनं एक शब्द बोलले नाही. मला कामावर जायचं होतं.

दोन महिन्यांनी चाळीतल्या एका मुलीचं लग्न निघालं. विधी करायला वापीहून येणारे गृहस्थ आलेच नाहीत. अध्यक्ष पुढे बसले. चष्मा घरी राहिलेला, पुस्तिकेचा उपयोग नाही. तिसऱ्या गाथेनंतर आवाज बारीक झाला आणि मग बंदच पडला.

सगळ्या माना मागे वळल्या.

ती हारातून निसटलेलं एक फूल दोऱ्यात ओवत बसली. नवरीच्या आईचा चेहरा उतरला. मी तिला कोपरानं ढोसलं. "सांग की!"

"ज्याचं अडलं त्यानं विचारावं व माय."

एवढ्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. अध्यक्षांनी कपाळावरचा घाम पुसला आणि मागे वळून म्हणाले, "ताई, अडलं."

"भाऊ, इथून सांगितलेलं नवरीला ऐकू येत नाही."

अध्यक्ष सतरंजीवर बाजूला सरकले. ती उठली, पदर खोचला, पुरुषांच्या रांगेतून वाट काढत गेली आणि पुढे बसली. आधी नवरीला म्हणाली, "पोरी, तुला ताटकळत ठेवलं, माफ कर." आणि पहिल्या गाथेपासून सुरू केलं. चौथीपासून का नाही, हे मी नंतर विचारलं. म्हणाली, "अर्धं लगन त्यांनी लावलं, अर्धं मी, असं नको. पोरीनं उद्या भांडायचं कुणाशी?"

तिचा आवाज काही फार गोड नव्हता. पण एकही शब्द डगमगला नाही.

पुढच्या पौर्णिमेला ती पुढे बसली आणि खीर अध्यक्षांनी केली. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःच पातेलं घेऊन गेले. शेवटच्या गाथेला हॉलभर करपल्याचा वास सुटला. तिनं वंदना पुरी केली, नमस्कार केला, आणि मग हाक मारली, "भाऊ, अडलं का?"

"ताई, खाली लागली!"

ती खीर आम्ही सगळ्यांनी खाल्ली. अध्यक्षांनी दोनदा घेतली.

काही वर्षांनी मुलाला नोकरी लागली आणि तो तिला चाळीसगावला घेऊन गेला. जाण्याआधी तिनं चाळीतल्या दोन मुलींकडून सगळं पाठ करून घेतलं. आता त्या आळीपाळीनं पुढे बसतात. मी अजून शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकायला बरं पडतं म्हणून.

मागच्या पौर्णिमेला धाकटी मध्येच थांबली. सवयीनं सगळ्यांचे कान मागच्या रांगेकडे लागले. मागून कुणी बोललं नाही. मुलीनं डोळे मिटले, दोन बोटं गुडघ्यावर आपटली, आणि तिचं तिलाच आठवलं.