चोर-स्विच

कंपाउंडरचा कुणावरही विश्वास नव्हता आणि ही गोष्ट तो लपवतही नसे. डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या पुडीत घालायच्या आधी तो दोनदा मोजायचा, आणि पुडी बांधून झाली की बाहेरून चाचपून तिसऱ्यांदा. दूध आलं की पातेलं उजेडात धरायचं. घराला कुलूप लावलं की ओढून बघायचं, चार पावलं चालायचं, आणि परत येऊन पुन्हा ओढायचं. गल्लीत त्याला तोंडावर कंपाउंडरकाका म्हणत आणि पाठीमागे 'ओढून-बघ'. पाठीमागचं नावही त्याला ठाऊक होतं. कोण कोण म्हणतं तेही त्याने लक्षात ठेवलं होतं.

या माणसाचा जीव अडकला होता जिन्याखाली. तिथे त्याची स्कूटर उभी असायची. टू-स्ट्रोक, फिकट निळी, सत्तावीस वर्षांची. आयुष्यात एकदाच त्याने ती मेकॅनिककडे टाकली होती. परत आली तेव्हा आवाज त्याला जरा बदललेला वाटला. मेकॅनिकने कार्बोरेटर बदलला, असं त्याने मनाशी पक्कं केलं, भर रस्त्यात त्या बिचाऱ्याची शोभा केली, आणि घरी येताना पान्यांचा संच आणला. तेव्हापासून स्कूटरला परका हात लागला नव्हता.

दर रविवारी चहा झाला की तो जुना पायजमा चढवून जिन्याखाली बसायचा. तिथे भर दिवसाही अंधार, म्हणून बायको टॉर्च धरायची. 'वर', 'खाली', 'जरा डावीकडे', 'हलवू नकोस', एवढाच त्या दोन तासांतला दोघांचा संवाद. संसारातलं बाकीचं बोलणंही याच्यापेक्षा फार लांबलचक होतं असं नाही.

या रविवारांतून स्कूटर हळूहळू बदलत गेली होती. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा त्याने किकचा दांडा काढून नेला आणि त्याला चार बोटं लांब तुकडा जोडून घेतला, वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर उभं राहून. ठिणगी पाडणारे पॉइंट घासत बसायचा कंटाळा आला म्हणून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. पेट्रोलची काळी नळी काढून पारदर्शक लावली, कारण आत काय चाललंय ते दिसत नाही म्हटल्यावर त्याला चैन पडेना. मीटरची वायर तीन वर्षांपूर्वी तुटली होती. नवी आणलेली वायर नकली वाटली म्हणून ती अजून पुडक्यातच होती.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे चोर-स्विच. सीटखालच्या पत्र्याआड, बोट वाकडं केल्याशिवाय हाताला लागणार नाही असं एक बटण. ते चालू केलं नाही तर किक मारून मारून माणसाचा पाय निखळेल, पण प्लगला ठिणगी पडणार नाही. पुढचं दार लावून, दोन रविवार खपून त्याने तो बसवला होता. दुनियेत कुणाला म्हणून त्याचा पत्ता नाही, याचं त्याला फार समाधान होतं.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं तेही दवाखान्यातल्या औषधाच्या मापाने. लिटरला वीस मिली. एकवीस झालं तर तो ड्रॉपरने एक मिली परत काढत असे. त्यामुळे त्याचा प्लग कायम दुधाच्या चहासारखा तपकिरी निघायचा. माणसं खोटं बोलतात, प्लग बोलत नाही, असं तो म्हणायचा.

एका रविवारी तो प्लग काळाकुट्ट आणि ओला निघाला.

कंपाउंडरने तो पुसला, नाकाशी नेला, पुन्हा पुसला. एअर फिल्टर उघडला, तो स्वच्छ होता. कार्बोरेटरची सुई काढली, ती आपल्या खाचेत होती. नवा प्लग लावून त्याने विषय मिटवला. पुढच्या रविवारी नवा प्लगही काळा. मग त्याने टाकीत मापाची काठी बुडवली आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. गेल्या रविवारी काठी सात बोटं ओली झाली होती. आज नऊ बोटं झाली.

त्याने काठी तीनदा बुडवून पाहिली. दवाखाना तीन गल्ल्यांवर, तिथे तो चालत जायचा. स्कूटर निघायची ती फक्त रविवारी संध्याकाळी, बायकोला मागे बसवून बाजारापर्यंत. म्हणजे मधल्या सहा दिवसांत कुणीतरी गाडी पळवत होतं, वर पेट्रोल भरून ठेवत होतं आणि त्यात ऑइलचा नुसता महापूर करत होतं. चोर नेतात हे त्याला माहीत होतं. आणून ठेवणारा चोर त्याच्या अकलेच्या बाहेरचा होता, आणि म्हणूनच जास्त धोक्याचा वाटला.

त्याने सापळे लावले. मागच्या चाकावर खडूची बारीक रेघ मारली, ती दुसऱ्या दिवशी फिरलेली. स्टँडला काळा दोरा बांधला, तो तुटलेला. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू जिन्यात भेटला की तो त्याच्या बुटांना स्कूटरचा वास येतो का बघू लागला. समोरच्या शिंप्याला त्याने आडवळणाने विचारलं, "दुपारचं इकडे कुणी येतं-जातं का हो?"

शिंप्याने मशीनवरून मान वर केली नाही. "मी खाली मान घालून काम करणारा माणूस, काका."

हाही सामील आहे, अशी कंपाउंडरने नोंद केली.

आठवडाभर डोळ्यात तेल घालून पाहिल्यावर संशयाचा काटा मेहुण्यावर स्थिरावला. बायकोचा धाकटा भाऊ. वायरमन होता. आईबापांमागे बहिणीला माहेर म्हणून तो एकटाच उरला होता, आणि दर बुधवारी दुपारी न चुकता यायचा. गेली दहा वर्षं त्याचा एकच विनोद होता, "भावोजी, थकलात की गाडी मला द्या." कंपाउंडरला तो विनोद कधीच विनोद वाटला नव्हता. त्यातून वायरमन. लपवलेला स्विच हुडकणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ.

त्या बुधवारी कंपाउंडर दवाखान्यातून तासभर आधी आला. भाऊ-बहीण स्वयंपाकघरात चहा घेत बसली होती. त्याने खिशातून काळा प्लग काढून मेहुण्याच्या कपाजवळ ठेवला.

"हे काय आहे?"

"प्लग आहे, भावोजी."

"ते मलाही दिसतंय. कुणी केला असा?"

मेहुण्याने प्लगकडे पाहिलं, मग बहिणीकडे. ती काहीतरी बोलायला गेली. त्याने डोळ्यांनीच तिला अडवलं आणि कप खाली ठेवला. "चूक झाली, भावोजी. मी नेत होतो."

"किती दिवस?"

"असेल दोन-तीन महिने."

"मग आजपासून या घरात पाऊल टाकायचं नाही."

"अहो, तो माझा भाऊ आहे," बायको म्हणाली.

"आणि ती माझी स्कूटर आहे."

मेहुणा चपला घालून गेला. जाताना बहिणीला एवढंच म्हणाला, "ताई, असू दे." कसलं 'असू दे', ते कंपाउंडरला कळलं नाही. चोर पकडल्याचा आनंद व्हायला हवा होता, तोही होईना. चोराने इतक्या चटकन कबूल केलं, यातच कुठेतरी पाणी मुरतंय असं त्याला वाटत राहिलं.

घर त्या दिवसापासून गप्प झालं. बायको वेळेवर जेवण वाढत होती, टॉवेल हातात देत होती, विचारलं तेवढं सांगत होती. पण भावाचा कप तिने फळीवर उपडा घालून ठेवला होता, आणि रोज भांडी लावताना तो एकदा उचलून परत तसाच ठेवायची. कंपाउंडरला ते दिसायचं. त्याला सगळंच दिसायचं. हा कप असाच उपडा राहिला तर ही बाई आपल्याला कधी माफ करणार नाही, हेही त्याला दिसत होतं, पण शब्द मागे घ्यायची त्याला सवय नव्हती.

रविवार आला. तो पायजमा चढवून जिन्याखाली बसला, ती टॉर्च घेऊन उभी राहिली. त्याने प्लग उघडला.

काळा. ओला.

त्याने तो टॉर्चच्या उजेडात फिरवून पाहिला. बुधवारी याच जागी त्याने स्वतः धुतलेला, कोरडा केलेला प्लग बसवला होता. मेहुणा त्यानंतर गल्लीत फिरकला नव्हता.

"म्हणजे तो नव्हता," तो स्वतःशीच पुटपुटला. "मग कबूल कशाला केलं त्याने? कुणाला पाठीशी घालतोय तो?"

प्लगवरचा उजेड हलला. इतक्या वर्षांत टॉर्च अशी कधी हलली नव्हती. 'डावीकडे' म्हणायच्या आत डावीकडे जायची, आणि तो पाना मागायच्या आत पाना त्याच्या हातात यायचा. आत्ताही प्लग काढायचा पाना त्याने मागितला नव्हता. तो आपोआपच हातात आला होता. चोर-स्विच बसवतानाही उजेड होता, आणि तो उजेड कुणीतरी धरला होता.

त्याने मान वळवली. टॉर्च तिच्या उजव्या हातात होती. त्याने तिचा डावा हात धरून उलटा केला. अंगठ्याच्या मुळाशी एक पिवळट, टणक घट्टा.

"हे काय?"

"घट्टा."

"कशाने?"

"क्लचने," ती म्हणाली.

त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते नेमकं नको ते. "ऑइल किती घालत होतीस?"

"लिटरला दोन पळ्या. कोरडं पडू नये म्हणून."

भाजीतही तिचा हात असाच सैल होता. प्लगने पहिल्याच रविवारी तिचं नाव सांगितलं होतं, त्यालाच ते वाचता आलं नव्हतं.

"शिकवलं त्याने?"

"आठ बुधवार लागले. मग मी एकटी जाऊ लागले. तुम्ही दवाखान्यात असताना."

"कुठे जायचीस?"

"कुठे नाही. पाण्याच्या टाकीपर्यंत, आणि परत."

"मग कशाला?"

"तुम्ही दर रविवारी इंजिन उघडता ते कशाला?"

"मला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"विचारलं होतं. गाडी नवी होती तेव्हा. तुम्ही चारचौघांत हसून म्हणालात, आधी सायकल तर शीक." तिचा आवाज चढला नव्हता. "बुधवारी मी सांगणारच होते. त्याने गप्प केलं. काल त्याच्याकडे गेले होते, घरी चल म्हणून विनवायला. म्हणून आज पुन्हा काळा निघालाय तुमचा प्लग. तो म्हणतो, मी बोलणी खाल्ली तर भावोजी कधीतरी विसरतील, पण तुझी गाडी गेली तर गेलीच."

"गल्लीत कुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना. शिंपी हात दाखवतात मला."

कंपाउंडरने प्लग फडक्यात गुंडाळला, पुन्हा उघडला. "मी सगळ्यांवर संशय घेतला," तो म्हणाला. "तुझ्यावर घेतला नाही. एवढं तरी मान. तुझ्यावर माझा विश्वास होता."

तिने टॉर्च बंद केली. जिन्याखाली अंधार झाला आणि त्याला तिचा चेहरा दिसेना.

"विश्वास कसला," ती म्हणाली. "त्या शिंप्यावर घेतलात, ज्याला जिना चढताना धाप लागते. वरच्या भाडेकरूच्या बुटांचा वास घेतलात. स्विच कुठे आहे हे दुनियेत दोघांनाच माहीत, त्यातली एक मी. तरी माझं नाव तुमच्या डोक्यात आलं नाही. कारण मला हे जमेल असं तुम्हाला वाटलंच नाही. याचं मला जास्त लागलं."

सत्तावीस वर्षं त्याने गोळ्या मोजल्या, बोटं मोजली, मिली मोजले, आणि टॉर्च धरणाऱ्या हाताला हिशेबातच धरलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी ते कळेना.

"साडी बदल," अखेर तो म्हणाला. "त्याच्याकडे जाऊ."

त्याने धुतलेला प्लग बसवून स्कूटर गल्लीत काढली आणि सवयीने पुढे बसू लागला. ती बाजूला उभी राहिली. तो क्षणभर घुटमळला, मग मागे सरकला. तिने न बघता सीटखाली हात घातला, बोट वाकडं केलं आणि किक मारली. लांब केलेला दांडा तिच्या पायाला जणू मापाने बेतला होता. पहिल्याच किकला गाडी चालू झाली, भसकन निळा धूर सोडून. शिंप्याने मशीन थांबवून मान वर केली.

वाटेत मागे बसून आपले हात कुठे ठेवायचे ते कंपाउंडरला कळलं नाही. त्याने स्टेपनी धरली. फाटकाजवळ ती दुसरा गिअर उशिरा टाकेल असं त्याला वाटलं. तिने वेळेवर टाकला.

मेहुण्याने दार उघडलं. आधी त्याने पाहिलं गाडी कोण चालवत आलंय ते, आणि मग भावोजींकडे.

"चूक माझी झाली," कंपाउंडर दारातच म्हणाला. एवढे तीन शब्द त्याने अख्ख्या आयुष्यात कुणाला म्हटले नव्हते. "बुधवारी ये. तुझा कप उपडा पडलाय."

"आत तर या, भावोजी," मेहुणा म्हणाला.

बायको गाडी स्टँडला लावून मागून आली. चहा आला. कंपाउंडरने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"चोर-स्विच बंद केलास?"

"केला."

"नक्की?"

"जाऊन बघा."

तो उठला, बाहेर गेला, सीटखाली बोट घातलं. बंद होता. चार पावलं परत आला, पुन्हा गेला, पुन्हा बोट घातलं. मेहुण्याला ते खिडकीतून दिसत होतं आणि बहिणीसाठी त्याला वाईट वाटलं. "ताई, अजून विश्वास नाही बघ त्यांचा."

"नाहीच आहे. आता माझ्यावरही नाही," ती म्हणाली. तिने पदर सारखा केला, आणि बुधवारनंतर पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.