कुसुम सिस्टरांनी उतरवलेली हळद

कुसुम सिस्टरांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. म्हणजे भांडत मी होते, त्या हसत होत्या.

शेणव्याच्या अलीकडे आमचा पाडा. सिस्टर तेव्हा आरोग्य उपकेंद्रात नव्यानेच आल्या होत्या. पोरांना डोस पाजायला दारी आल्या, उन्हातून आलेल्या म्हणून मी पाणी दिलं. पाणी पिता पिता त्यांची नजर चुलीजवळच्या निळ्या डब्यावर गेली. भेंडीवर मारायच्या औषधाचा तो रिकामा डबा. राख लावून मी असा घासला होता की त्यात तोंड दिसावं.

"ताई, तेल कशात ठेवलंय?"

"डब्यात."

"कसल्या डब्यात?"

"घट्ट झाकणाच्या."

सिस्टर हसल्या. मग म्हणाल्या, "ताई, हा डबा कितीही घासा, ते विष प्लास्टिक सोडत नाही. हे तेल पोरांच्या पोटात जातंय." त्यांनी परसात खड्डा करवून तेल ओतायला लावलं आणि खिळा ठोकून डब्याला भोकं पाडली, म्हणजे पुन्हा कोणी वापरायला नको. चांगला डबा गेला म्हणून मी दारात उभी राहून बोलत होते आणि त्या शांतपणे ठोकत होत्या. म्हशाची जत्रा आली तेव्हा सिस्टर जत्रेतून स्टीलची बरणी घेऊन माझ्या दारी हजर. म्हणाल्या, "घ्या, घट्ट झाकणाची आहे." ती बरणी अजून माझ्या चुलीजवळ आहे. झाकण थोडं सैल झालंय, तशी मीही झालेय.

आता सिस्टरांना साठ वर्षं पूर्ण होतायत, त्यांच्या गौरवाचं पुस्तक निघणार आहे. तुम्ही मोठी माणसं त्यांच्या कामाबद्दल लिहालच. मी आपली माझ्या घरातली गोष्ट सांगते. ती माझ्या रमेशच्या हळदीची आहे.

रमेश माझा थोरला. किन्हवलीची मुलगी ठरली होती, संगीता नाव. हळदीच्या दिवशी सकाळी मी त्याला म्हटलं, आज शेतात जाऊ नको. पण भेंडीवर अळी पडली होती आणि भेंडी काही लग्नासाठी थांबत नाही. गेला पंप पाठीला लावून. पंपाचं झाकण गळत होतं, पाठ भिजत होती. त्याला वाटलं घामच आहे. घरी आला तोवर मांडवात बायका जमून गाणी सुरू झालेली. वरचा शर्ट काढला, अंगातली बनियन तशीच, आणि बसला पाटावर. आमच्या बायकांनी त्याला तेल-हळदीनं असा माखला की ओळखू येईना.

थोड्या वेळानं त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मांडवात हशा पिकला.

"अगो बघा, नवरदेव रडतोय!"

"अरे, रडते ती नवरी. तू कशाला रडतोस रे?"

"सासऱ्याला घाबरला असंल!"

मीही हसले. पण मग तोंडातून लाळ गळायला लागली, घामानं हळद वाहायला लागली, पोट धरून तो पाटावरच वाकला. हसणं थांबलं. कोणी म्हणालं ऊन लागलं, कांदा फोडा. कोणी म्हणालं नजर लागली, मिरच्या उतरवा. एक जण मीठपाण्याचा तांब्या घेऊन आला, ओकारी काढायला.

सिस्टरांना हळदीचं आमंत्रण होतं. त्या तेवढ्यात मांडवात शिरल्या, चांगली जरीची साडी नेसून. आधी तो तांब्या बाजूला केला. "काही पाजू नका, ओकारी काढू नका." मोबाइलची बॅटरी लावून रमेशचे डोळे पाहिले. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"रमेश, सकाळी काय मारलंस?"

"भेंडीवर... औषध."

"हीच बनियन होती?"

त्यानं मान डोलावली. सिस्टर म्हणाल्या, "कपडे काढा याचे सगळे. साबण आणा, पाणी आणा. तेलाबरोबर विष अंगात मुरतंय."

तेव्हा माझी नणंद आडवी उभी राहिली. रमेशची आत्या, लग्नातली सगळ्यात मानाची बाई. "लग्नाआधी हळद धुवायची नाय! अपशकुन होईल. वहिनी, सांग यांना."

सगळ्या मांडवानं माझ्याकडे पाहिलं. सिस्टर आत्याशी वाद घालत बसल्या नाहीत. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "ताई, हळद पुन्हा लावता येते."

माझ्या डोळ्यांसमोर तो निळा डबा आला. मी बादली उचलली आणि पहिलं पाणी मीच ओतलं.

सिस्टरांनी स्वतःच्या आणि माझ्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि आम्ही दोघींनी मिळून त्याला धुतला. केसांत, कानामागे, नखांत, साबण लावून पुन्हा पुन्हा. जरीच्या साडीचं पोतेरं झालं. रमेशला एका कुशीवर झोपवलं आणि गाडी बोलावली. सिस्टरांनी शेतावरून औषधाची बाटली आणवली, लेबल फाटू न देता. डॉक्टरांना नाव कळलं तर उपचार लवकर होतो, म्हणाल्या. गाडीत चढता चढता त्या एकदम थांबल्या.

"नवरीची उष्टी हळद कुठाय?"

आमच्यात नवऱ्याच्या अंगाची हळद नवरीला पाठवतात. ती वाटी तर गेली होती! दोन करवल्या मोटारसायकलवर बसून किन्हवलीच्या वाटेला लागलेल्या. विषाची हळद, आणि ती नव्या मुलीच्या अंगाला लागणार! सिस्टरांनी तिथूनच नवरीच्या बापाला फोन लावला. "वाटी आली तर दारातच ठेवा. कोणी हात लावू नका. मुलाला शहापूरला नेतोय, सगळं नंतर सांगते."

पाहुणे काय समजतील, लग्न मोडेल का, या विचारानं मी दवाखान्याच्या बाकावर बसून होते. सिस्टर ओल्या साडीत माझ्या शेजारी. आत रमेशला सुई लावलेली. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, धुतलंत ते फार बरं केलंत. दुसऱ्या दिवशी रमेशनं डोळे उघडून पहिलं विचारलं, "भेंडी तोडली का?" तेव्हा मी ओळखलं, पोरगं वाचलं. सिस्टर त्याला म्हणाल्या, "आता आठवडाभर तोडायची नाही हं, औषध मारलंयस." असली बाई!

किन्हवलीला ती वाटी दारातच राहिली, संगीताला काही झालं नाही. लग्न तेवढं पुढे गेलं. नव्या मुहूर्ताच्या आदल्या दिवशी किन्हवलीहून माणूस आला, हातात झाकलेली वाटी. संगीतानं स्वतःच्या अंगाची हळद पाठवली होती. निरोप होता, "या वेळी माझी उष्टी हळद त्यांना लावा. माझे हात स्वच्छ आहेत." उलटी रीत! मांडवात कुजबूज झाली. मी नणंदेकडे पाहिलं. तिनं वाटी घेतली, सिस्टरांच्या हातात दिली आणि म्हणाली, "पहिलं बोट तुमी लावा."

त्यानंतर सिस्टरांनी आमच्या शाळेच्या मैदानात एक गंमत केली. गड्यांना पांढरे शर्ट घालायला लावले, पंपात नीळ घातलेलं पाणी भरलं आणि म्हणाल्या, मारा रोजच्यासारखं. वाऱ्याच्या तोंडावर मारणारे पुढून निळे, गळक्या पंपाचे मागून निळे. बायका हसून हसून बेजार. पण दुसऱ्या दिवशी पाड्यात पंपांची झाकणं दुरुस्त झाली. मैदानात पहिला उभा राहिला होता रमेश.

आता कुठल्याही हळदीला माझी नणंद दारात उभी असते. नवरा मुलगा आला की आधी त्याचे हात हुंगते. "पंप धरला होतास काय रे? खरं सांग. जा, साबणानं आंघोळ करून ये, मग पाट." अपशकुन कशाला म्हणायचं ते आता तीच ठरवते.

रमेशची मुलगी यंदा सहावीत गेली. सिस्टरांना ती आजी म्हणते, आणि मला? मलाही आजीच. एका पोरीला दोन आज्या, त्यातली एक सुई टोचणारी.

सिस्टर, तुम्ही इतक्यांच्या डोळ्यांत बॅटरी लावून पाहिलंत. आता तुमचे डोळे, गुडघे, सगळं धडधाकट राहो. म्हशाची जत्रा आपण दोघींनी अजून पुष्कळ वर्षं फिरायची आहे. सत्काराच्या दिवशी मी हळदीकुंकू घेऊन येतेय, सोबत तुमच्या त्या साडीची भरपाई म्हणून नवी जरीची साडी. हळद घरची आहे, वाटी नवी आहे, आणि हात साबणानं धुऊन येते. आमच्या रमेशच्या हळदीला तुम्ही पहिलं बोट लावलंत, आता तुमच्या कपाळाला पहिलं बोट माझं.