तिसऱ्या खेपेचा नमुना

माझे मित्र भगवानराव हे कर्करोगाचे विजेते होते. तसं पितळी अक्षरांत लिहिलेलं स्मृतिचिन्ह त्यांच्या ताडकळसच्या घरी आहे. ते मिळाल्यावर सहाच महिन्यांत, गेल्या महिन्यात, वहिनींचा फोन आला... विजेते गेले.

भगवानरावांची नोकरी परभणीत, बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत झाली. पोत्याच्या वरून, मधून, तळातून नमुना काढायचा, दाणे पांढऱ्या ताटात पसरायचे आणि भिंगाखाली तणाचं बी शोधायचं. नाही सापडलं तर ‘नाही’ लिहायचं. पण किती दाणे पाहून नाही, तेही लिहायचं. लग्नाच्या पंगतीत भातातला खडा नेमका त्यांनाच सापडे, आणि तो कितव्या घासाला, हेही ते सांगत.

रक्ताच्या कर्करोगावर त्यांनी शहरातल्या एका रुग्णालयात औषधं घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं स्वच्छ दिसू लागलं. तरी थोड्या पेशी दडून राहतात. त्या शोधायला हाडातल्या मज्जेच्या पेशी एकेक करून लेझरसमोरून सोडतात; दहा हजारांत एक असली तरी सापडते. निघाली तर पुढचे जड उपचार, नाही तर आहे तेवढ्यावर थांबायचं. अहवालात होतं, ‘आढळल्या नाहीत.’

मी सोबत होतो. भगवानरावांनी कागद उलटून पाहिला.

“डॉक्टरसाहेब, किती पेशी मोजल्या ते लिव्हलंच न्हाई.”

बातमी चांगली आहे, आनंद माना, असं डॉक्टर म्हणाले.

“मानतो की. पण सुई टोचून तीन खेपा मज्जा ओढली तवा मी जागा होतो. पयल्या खेपेची मज्जा काचपट्टीवर गेली. ह्या तपासणीला गेली ती तिसऱ्या खेपेची. तिच्यात रक्तच लय. नुसतं पोत्याचं तोंड तपासल्यावानी झालं हे.”

ते बरोबर बोलत होते. या तपासणीला पहिल्याच खेपेची मज्जा लागते, याची मी नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडून खात्री करून घेतली. त्या दिवशी मात्र त्यांना जास्त विचार न करण्याचा सल्ला मिळाला. पुन्हा नमुना घ्यावा, असा त्यांनी लेखी अर्ज केला. उत्तरादाखल निमंत्रणपत्रिका आली. रुग्णालयाचा वर्धापनदिन होता, आणि बऱ्या झालेल्या रुग्णांचा सत्कार. पाहुणे दोन तास उशिरा आले. शत्रूचा समूळ नायनाट झाल्याचं त्यांनी माइकवरून जाहीर केलं. शाल पांघरून खाली आलेले भगवानराव माझ्या कानात म्हणाले, “समूळ म्हंजी किती दाण्यांत?”

पुढे कर्करोग उलटला. वेळेत पुन्हा तपासणी झाली असती तर ते वाचले असते का, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, आणि माझा राग नेमका त्यावर आहे. ज्याने जन्मभर नमुने घेतले, त्याला नमुन्यातलं काही कळत असेल, एवढंही कुणाच्या मनात आलं नाही. शालीचं माप मात्र आधी फोन करून विचारलं होतं.

परवा ताडकळसला गेलो. स्मृतिचिन्ह गव्हाच्या डब्यावर ठेवलेलं आहे. झाकण सैल आहे. आत त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी होती... ‘पेरणीचा गहू. पाहिलेले दाणे चार हजार. तण: हरणखुरीचं बी एक. पुन्हा पाहणे.’

वहिनींनी पुन्हा पाहिलं. आणखी दोन निघाली.