जुन्या आवृत्तीचे पान

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दुपारी नारायण पेठेतल्या एका ग्रंथालयाच्या संगणकावरून जुन्या साप्ताहिकाची स्कॅन केलेली पाने पुसली जाऊ लागली. आज्ञा देणाऱ्या बाईंना ते माहीत नव्हते.

बाई निवृत्त शिक्षिका. सहा वर्षे त्या तिथे येऊन विनामोबदला स्कॅनिंग करत होत्या. कागद इतका जीर्ण होता की पान काचेवर ठेवले की कडा सुटायच्या. स्कॅन झालेले अंक विश्वस्तांच्या ठरावाने रद्दीत काढले गेले होते. दुसरा संच कुठे असल्याची माहिती नव्हती. जे काही उरले होते ते त्या एका डिस्कवर होते.

डिस्क भरत आली, म्हणून आमच्या कोथरूडच्या ऑफिसने त्यांना दुबार फायली शोधणारा एक छोटा प्रोग्राम दिला होता. मी आधी वृत्तपत्रात उपसंपादक होतो. आता सॉफ्टवेअरची मॅन्युअल लिहितो. या प्रोग्रामचे मॅन्युअल पान, म्हणजे तो कसा वापरायचा याची माहिती, मी मराठीत लिहिले होते. ‘मॅन’ आणि प्रोग्रामचे नाव टाइप केले की ते पडद्यावर येते. ग्रंथालयात इंटरनेट नाही. ‘घरबसल्या सगळं मिळालं तर इथे धूळ खायला कोण येणार?’ असे एका विश्वस्तांनी विचारले आणि विषय संपला. बाईंना आधार होता तो त्या पानाचाच.

त्या आधीच्या शनिवारी आमचा एक सहकारी पेन ड्राइव्ह घेऊन गेला आणि त्याने प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवली. ती पॅकेज मॅनेजरमधून बसवली. पॅकेज मॅनेजर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारे भाग आपापल्या जागी नेऊन ठेवणारे साधन. त्याने वापरलेले साधन एका प्रोग्रॅमिंग भाषेसाठीचे होते आणि आमच्याच ऑफिसात तयार झाले होते. त्याला मॅन्युअल पाने हाताळता येत नव्हती. नवे पान पॅकेजच्या आतच राहिले. जुन्या आवृत्तीबरोबर वेगळ्या मार्गाने आलेले पान जागेवर तसेच राहिले.

त्यात मॅन्युअल पाने बसवण्याची सोय करावी, असे मी पूर्वी मांडले होते. ‘पुण्यात मॅन्युअल वाचणारा माणूस एकच,’ आमचे प्रमुख म्हणाले होते, ‘आणि त्याला ते लिहायचा पगार मिळतो.’ सगळे हसले. मीही हसलो. मागणी पडून राहिली.

सोमवारी बाईंचा फोन आला. ग्रंथालयाचा फोन दाराजवळच्या टेबलावर असतो, संगणक आतल्या खोलीत.

‘अहो, तुमच्या प्रोग्रामची यादी संपतच नाहीये,’ त्या म्हणाल्या. ‘एवढी दुबार पानं माझ्या हातून व्हायची नाहीत.’

‘काय टाइप केलंत?’

‘नुसतं नाव. पान वाचूनच केलंय हो. उतरवून आणलंय, ऐका. “कोणताही पर्याय न दिल्यास फक्त यादी दिसते, काहीही पुसले जात नाही.”’

वाक्य माझे होते. नव्या पानातून मी ते काढले होते. नवी आवृत्ती पर्याय न दिल्यास थेट पुसत होती. नुसती यादी हवी असेल तर तसे सांगावे लागे. शिवाय ती नावावरून दुबार ठरवायची. बाईंच्या मांडणीत प्रत्येक अंकाचे वेगळे फोल्डर होते आणि आतल्या पानांना एक, दोन, तीन अशी नावे होती. म्हणजे पहिला अंक सोडून बाकी सगळे अंक दुबार ठरत होते.

‘ते थांबवा. कंट्रोल धरून सी दाबा.’

‘यादी पुरी होऊ दे की.’

‘ती यादी नाही, बाई. पानं पुसली जातायत.’

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग चपलांचा. मग पंख्याचा. ‘आजचा पेपर कोणाकडे आहे?’ असे कोणीतरी विचारले. खुर्ची सरकली. पुन्हा चपला.

‘थांबलं,’ बाई म्हणाल्या.

‘आता कशालाही हात लावू नका.’

‘नाही लावत. पण पान खोटं कसं?’

‘खोटं नाही. जुनं आहे.’

‘मग नवं कुठंय?’

‘तुमच्याच संगणकात आहे.’

‘वा! पुस्तक आमच्या कपाटात आणि किल्ली तुमच्याकडे.’

सहकारी आणि मी दुचाकीवरून निघालो. पोहोचल्यावर त्याने डिस्क काढली आणि कर्वेनगरमध्ये पुसलेल्या फायली परत मिळवून देणाऱ्या एका माणसाकडे नेली. किती मिळेल हे त्या माणसाला सांगता येईना. डिस्क तिथे असेपर्यंत बाई रोज ठरल्या वेळी ग्रंथालयात येत आणि बंद संगणकासमोर बसत. फोनवर मला ‘काही कळलं?’ एवढेच विचारत.

दरम्यान प्रमुखांनी पॅकेज मॅनेजरमधला बदल स्वतः लिहिला. आता प्रोग्राम बसताना त्याचे मॅन्युअल पानही बसते, काढताना निघते, आणि त्याच नावाचे दुसरे पान आधीपासून असेल तर काम थांबून विचारणा होते. तपासणीसाठी पाठवताना त्यांनी वर एकच ओळ लिहिली होती : ‘वाचणारे दोन आहेत.’

डिस्क परत आली. सहकाऱ्याने बदललेल्या पॅकेज मॅनेजरमधून प्रोग्राम पुन्हा बसवला. बाईंनी फोल्डर एकेक करून उघडले. बहुतेक पाने उघडली. नंतर त्यांनी ‘मॅन’ टाइप केले आणि आधी पानाच्या तळाशी असलेला आवृत्तीचा क्रमांक वाचला. तो नवा होता.

साप्ताहिकाच्या तिसऱ्या वर्षाच्या दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ सापडलेले नाही.