बाबाजींचं गार कपाळ

कोरगावचे बाबाजी कुणाचंही बोलणं निम्मंच ऐकतात. उरलेलं निम्मं त्यांची बायको सुमन ऐकते आणि निस्तरते.

काजूच्या हंगामात सकाळपासून भट्टीच्या तोंडाशी बसून हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू, गाळायची, घामाने भिजायचं आणि पाण्याच्या तांब्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, ही बाबाजींची रीत. गेल्या वर्षी मूत्रपिंडात खडा निघाला. डॉक्टरांनी नीट समजावलं, "अंग तापतं, घाम जातो, लघवी दाट होते आणि तिच्यातले क्षार साचून खडा होतो. भरपूर पाणी प्या. आणि पोटात कळ असताना ताप आला तर घरी थांबू नका, जिवावर बेतेल."

बाबाजींनी ऐकलं एवढंच : अंग तापतं, खडा होतो.

म्हणून या वर्षी त्यांनी अंग तापूच दिलं नाही. एक ओला पंचा डोक्यावर, दुसरा पाठीवर, आणि अधूनमधून विहिरीवर जाऊन कळशी ओतून घ्यायची.

"पाणी पियालात?" सुमनने विचारलं.

"आंग थंडगार आसा, हात लावन बघ! खडो होतलो खंयसून?"

"पाणी तुमका पिवूक सांगलेला, पंचाक न्हय!"

"तान लागली नाय तर पितलंय कशाक?"

आता या माणसापुढे डोकं तरी कुठे आपटायचं? सुमनने खड्यावर उतारा म्हणून कुळथाचं कढण करून भट्टीवर पाठवलं. ते गिऱ्हाइकांनी पिऊन संपवलं आणि वर मीठ कमी असल्याचं कळवलं.

मग एका दुपारी बाबाजी कमरेतून वाकले. कळ कुशीतून जांघेत उतरत होती. सुमनने कपाळाला हात लावला. गार!

"बघ, ताप नाय," बाबाजी कण्हत म्हणाले. रस आंबून तयार होता. आज गाळला नाही तर वाया जाणार, म्हणून त्यांना भट्टी सोडायची नव्हती.

पण धगधगत्या भट्टीसमोर त्यांचे दात वाजत होते. सुमनने डोक्यावरचा पंचा ओढून फेकला आणि थर्मामीटर जिभेखाली खुपसला. "तोंड मिटा. जल्मात एकदा तरी मिटा!"

ताप एकशेदोनच्या वर होता.

"जिभेचो ताप तो," बाबाजी म्हणाले. "कपाळ बघ."

सुमनने कळशी उचलली ती थेट भट्टीच्या जाळावर ओतली. राखेचा लोट उठला.

"अगो, रस!"

"रसाचा बारावा मी घालतंय. तुमचा घालूक माका येळ नाय. गाडीत बसा!"

पुतण्या सुदेशने गाडी हाणली. इस्पितळात त्याच संध्याकाळी नळी घालून खड्यामागे तुंबलेली लघवी मोकळी केली आणि बाबाजी वाचले. उरलेल्या हंगामात मात्र त्यांची हुर्राक कुणाला मिळाली नाही, आणि गिऱ्हाइकं अजून सुमनवर रागावून आहेत.