लाल कोणता, हिरवा कोणता

भित्र्या माणसाजवळ किस्से फार जमा होतात बरं का! धीट माणूस झालं-गेलं विसरून मोकळा होतो. मी काहीच विसरलो नाही, कारण त्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये मी रोज घाबरूनच असायचो.

मला लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही. जन्मापासूनच. आणि सत्तरच्या दशकात मी नागपुरात सदरमधल्या एका कॉलेजात केमिस्ट्रीचा डेमॉन्स्ट्रेटर, तोही टेंपररी! कोणाला कळलं असतं तर नोकरी गेलीच समजा.

लॅबमध्ये रेणूंची मॉडेल्स होती. रंगीत लाकडी गोळे आणि त्यांना जोडणाऱ्या काड्या. काळा कार्बन, पांढरा हायड्रोजन, लाल ऑक्सिजन, हिरवा क्लोरीन. शेवटचे दोन मला सारखेच मळकट दिसत. मग मी हळूच बोटानं भोकं चाचपायचो. ऑक्सिजनला दोन, क्लोरीनला एक. तेवढ्यावर माझा संसार चालला होता.

*

आमचे हेडसर म्हणजे साक्षात जमदग्नी! जिन्यात त्यांचे बूट वाजले की सगळा स्टाफ चिडीचूप.

लॅबमधला माझा दोस्त गुल्हाने भारी हौशी. घराच्या खिडक्या रंगवून उरलेला ऑइलपेंट आणला आणि एका मॉडेलमधला एकेक गोळा वेगळ्या रंगाचा करून टाकला. "पाय गा, कसं चकाचक दिसून राहिलं!"

हेडसरांनी ते मॉडेल उचललं. "गुल्हाने, हा रेणू आहे का लग्नाचा मांडव? रंग शोभेसाठी नसतो! मागच्या बाकावरच्या पोराले एका नजरेत समजलं पाहिजे, कोणता अणू कुठं आहे ते."

गुल्हानेनं मान खाली घातली. एका नजरेत म्हटल्यावर घाम मात्र मला फुटला.

*

एकदा तोंडी परीक्षेत हेडसरांनी एका पोराला विचारलं, "ऑक्सिजनचा रंग कोणता?"

"लाल, सर!"

"असं? मग या खोलीत ऑक्सिजन आहे न? काय दिसून राहिलं तुले?"

पोरगं बिचारं भेदरलं. चारही भिंतींकडे पाहून म्हणालं, "थोडं थोडं लाल, सर!"

सगळे पोट धरून हसले. मी नाही हसलो. वाटलं, आता हे माझ्याकडे वळून विचारतील, "बांगरे, किती लाल?"

*

टायट्रेशन म्हणजे थेंब थेंब टाकत रंग बदलायची वाट पाहायची; तिथं माझी युक्ती ठरलेली. पोरांनाच विचारायचं, "हं, आता काय रंग आला?" एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "बांगरे सर स्वतः कधीच उत्तर देत नाहीत, आमच्याकडूनच काढून घेतात. काय छान शिकवतात!"

मागून आवाज आला, "असंच शिकवत जा, बांगरे." हेडसर! कधीचे मागे उभे होते, देव जाणे.

घरी बायकोला सांगितलं. शांता म्हणाली, "अहो, सांगून टाका न एकदाचं. काहून भेता इतके?"

"आणि काढून टाकलं तर?"

तिच्या पोटात तेव्हा आमची मोठी होती.

*

मग एक दिवस गोळ्यांची टोपली माझ्या हातून सांडली, नेमकी हेडसरांपुढे. "करा वेगळे," म्हणाले, आणि तिथंच उभे राहिले. मी एकेक गोळा बोटांनी फिरवत बसलो.

"बांगरे, तुम्ही गोळे पाहता का दाबता? आंबे आहेत का ते?"

मी कसनुसा हसलो. ते बराच वेळ माझ्या बोटांकडे पाहत राहिले आणि निघून गेले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

आणि मग आला नोकरी पक्की व्हायचा दिवस! मे महिना. लॅबच्या खिडक्यांना वाळ्याच्या जाड ताट्या, त्यावर काळे पडदे, त्यामुळे भर दुपारी ट्यूबलाइट लावलेल्या. टेबलापाशी बाहेरून आलेले तज्ज्ञ, दाराशी हेडसर.

तज्ज्ञांनी टोपली पुढे सरकवली. "एक ऑक्सिजन, एक क्लोरीन द्या." मी सवयीनं चाचपायला लागलो.

"चाचपता काय? हात मागे घ्या. नुसतं पाहून सांगा, यातला लाल कोणता, हिरवा कोणता?"

संपलं सगळं! आता शांताला काय सांगू? मी तोंड उघडलं, "सर, मले..."

आणि लाइट गेली! डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार.

"काय हो तुमच्या नागपूरची वीज!" तज्ज्ञ वैतागले. शेजारच्या ऑफिसातला पंखा मात्र घरघर फिरत होता. माझे हात टोपलीत गेले. दोन भोकं. एक भोक.

लाइट आली तेव्हा माझे दोन्ही तळहात तज्ज्ञांपुढे होते. "हा लाल, सर. हा हिरवा."

"अरे वा! अंधारातसुद्धा?" ते खळखळून हसले आणि त्यांनी सही केली.

मी घाम पुसत मागे वळलो.

"सगळ्या सदरची गेली असन," हेडसर म्हणाले, आणि लॅबच्या मेन स्विचवरचा हात काढून त्यांनी खिशात घातला.